जवळचा टॉवर सोडला तेव्हा नेट चाललं

ताईच्या घरापर्यंत तारेचं ब्रॉडबँड पोहोचत नाही. सिमकार्ड घातलेला राउटर टॉवरवरून फोर-जी घेतो आणि घरभर वायफाय देतो, एवढीच तिची सोय. घर दोन मजली, सिमेंट-काँक्रीटचं. राउटर तळमजल्यावर, टीव्हीच्या कपाटात, कारण जोडणी करायला आलेल्या माणसाला प्लग तिथे सापडला. तिची तक्रार दोन वर्षं तीच होती: सकाळी चालतं, संध्याकाळी रडतं. व्हिडिओ कॉलवर तिला समोरचे लोक ठीक दिसत, पण तिचं बोलणं तिकडे तुटक-तुटक पोहोचे. कंपनीला फोन केला की उत्तर ठरलेलं: तुमच्या भागात कव्हरेज आहे, राउटर बंद करून चालू करा.

या प्रकरणातली पहिली चूक माझी. मी लांबून, फोनवरूनच निदान करून टाकलं. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नसेल, एक एक्स्टेंडर घे, म्हणालो. तिने घेतला, लावला, फरक पडला नाही. उलट वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसायला लागल्या आणि नेट तसंच रडत राहिलं. "काड्या पाच आणि काम शून्य, असं कसं रे?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी चार दिवस काढून तिच्या घरी गेलो. त्या चार दिवसांत काय केलं, कशाने फरक पडला आणि कशाने नाही, ते पुढे लिहितो आहे.

नेमकं दुखतंय कुठे

अशा घरात नेट दोन टप्प्यांनी येतं. पहिला टप्पा टॉवर ते राउटर, दुसरा राउटर ते फोन किंवा लॅपटॉप. फोनवर दिसणाऱ्या वायफायच्या काड्या फक्त दुसऱ्या टप्प्याच्या असतात. पहिला टप्पा मरायला टेकलेला असला तरी त्या भरलेल्याच दिसणार. एक्स्टेंडर वाया गेला तो इथे. रिकाम्या टाकीला मी आणखी एक नळ बसवला होता.

हे दोन टप्पे वेगळे करायला लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडला, घरातल्या बाकी सगळ्यांचं वायफाय बंद करायला लावलं आणि वेगाची चाचणी घेतली. दर वेळी एकाच सर्व्हरवर तीन चाचण्या आणि त्यातला मधला आकडा धरायचा. एकाच चाचणीवर विसंबणं म्हणजे दारातून एकदा डोकावून रस्त्यावर गर्दी किती असते ते सांगण्यासारखं आहे. सकाळी सातला ९ एमबीपीएस मिळाले, दुपारी दोनला ६, रात्री नऊला १.८. अपलोड दिवसभर ०.६च्या आसपास. मग केबल काढून वरच्या खोलीत वायफायवर हीच चाचणी घेतली, तर दुपारी ५ मिळाले. तारेने ६ आणि वायफायने ५, म्हणजे घरातला टप्पा जवळजवळ निर्दोष होता. सगळं दुखणं टॉवरच्या बाजूला.

आकडे, पण कोणते

राउटरच्या आतल्या पानावर गेलो. बहुतेक राउटरांवर हे पान ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हा पत्ता टाकून उघडतं, पासवर्ड राउटरच्या तळाला चिकटवलेला असतो. तिथे सिग्नलचे चार आकडे होते: आरएसएसआय उणे ७५, आरएसआरपी उणे १०८, आरएसआरक्यू (सिग्नलची गुणवत्ता) उणे १३, एसआयएनआर २.

ताईने हे पान पूर्वीच पाहिलं होतं आणि उणे ७५ हा आकडा कुठल्याशा तक्त्याशी ताडून तो 'उत्तम' म्हणून सोडून दिला होता. ही गफलत सर्रास होते. आरएसएसआय म्हणजे राउटर वापरतो त्या लहरीपट्ट्यात अँटेनावर येऊन आदळणारी एकूण ऊर्जा. तिच्यात आपला टॉवर आला, शेजारचे टॉवर आले, गोंगाटही आला. आरएसआरपी ही आपल्या टॉवरच्या एकेका संदर्भ-संकेताची ताकद असते, एका बारीक उपलहरीपुरती मोजलेली. २० मेगाहर्ट्झच्या एलटीई (म्हणजे फोर-जीच्या) पट्ट्यात अशा १,२०० उपलहरी असतात. त्यामुळे एकाच ठिकाणी, एकाच क्षणी हे दोन आकडे तीस-एक डेसिबलने वेगळे दिसतात. एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला की आजारी माणूस ठणठणीत ठरतो.

आरएसआरपीचा ढोबळ हिशोब असा: उणे ८० किंवा त्याहून वर म्हणजे झकास, उणे ९०पर्यंत चांगलं, उणे १००पर्यंत चालण्यासारखं, त्याखाली कुरकुर आणि उणे ११५-१२०च्या पुढे तुटातुट. डेसिबलची मोजणी बेरजेची नसून पटीची आहे, हे मात्र डोक्यात पक्कं बसवून घ्यावं लागतं. ३ डेसिबल वाढले की ताकद दुप्पट, १० वाढले की दहापट. उणे ९८ आणि उणे १०८ कागदावर शेजारी-शेजारी दिसतात, प्रत्यक्षात त्यांच्यात दहापटीचं अंतर असतं. टॉवर डझनावारी वॅटने बोलतो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो तो वॅटच्या अब्जाव्या भागापेक्षाही कितीतरी बारीक अंश. इतकं थोडं पोहोचूनही चित्रफीत चालते याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

मी त्या दिवशी पाहत होतो तो मात्र आरएसआरपी नव्हता, एसआयएनआर होता. आपला सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंगाट व इतर टॉवरांची लुडबूड, यांचं हे गुणोत्तर. २०च्या वर असला तर स्वर्ग, १३ ते २० चांगला, शून्याच्या आसपास गेला की टॉवर आणि राउटर एकमेकांना ओरडून-ओरडून तेच-तेच सांगत बसतात. ताईकडे तो २ होता.

घरभर फिरती

दुसऱ्या दिवशी लांब वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला आणि राउटर कडेवर घेऊन घरभर फिरलो. नियम एकच: प्रत्येक जागी राउटर ठेवायचा, तीन-चार मिनिटं थांबायचं, मगच आकडा लिहायचा. राउटर जरा संथ असतो, आधीच्या जागेचे आकडे थोडा वेळ धरून बसतो. घाई केली की खोटी नोंद होते. आकड्यांबरोबर पीसीआय नावाचा क्रमांकही टिपत गेलो. एलटीईत तो ० ते ५०३च्या दरम्यान असतो आणि आपण टॉवरच्या कोणत्या विभागाला चिकटलो आहोत ते त्यावरून ओळखू येतं. तो बदलला म्हणजे राउटरने टॉवर किंवा निदान त्याची बाजू बदलली.

वहीतल्या नोंदी जशाच्या तशा देतो. सगळ्या दुपारच्या, आधी आरएसआरपी, मग एसआयएनआर.

टीव्हीचं कपाट: उणे १०८, २.
समोरच्या खोलीची खिडकी, काच बंद: उणे १०६, २.
तीच खिडकी, काच उघडी: उणे ९५, ३.
जिन्याचा वरचा टप्पा: उणे १०५, ४. पीसीआय दोनदा बदलला.
वरची मागची खोली, खिडकीपाशी: उणे १०३, ९. पीसीआय वेगळाच.
मागची गच्ची, कठड्याच्या आत: उणे ९८, १४. तोच वेगळा पीसीआय.

खिडकीने पहिला धक्का दिला. नुसती काच सरकवली आणि अकरा डेसिबल, म्हणजे बारा-एक पट ताकद वाढली. ऊन अडवणाऱ्या काचेवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, तो रेडिओलहरींनाही तितक्याच निष्ठेने अडवतो. राउटर खिडकीत ठेवा हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण अशा काचेच्या खिडकीपेक्षा कधीकधी साधी विटांची भिंत परवडते.

दुसरा धक्का जास्त मोठा होता. काच उघडून समोरच्या खिडकीत सिग्नल उणे ९५ होता, फिरतीतला सगळ्यात जोरदार. टॉवरही त्याच दिशेला, जेमतेम किलोमीटरभर लांब, डोळ्यांना दिसणारा. माझं मन तिथेच बसलं होतं. "झालं तुझं काम," असं ताईला सांगूनही टाकलं. मग चाचणी घेतली तर ७ एमबीपीएस. रात्री नऊला २.५. मागच्या खोलीत सिग्नल आठ डेसिबलने अशक्त, टॉवर तीनेक किलोमीटर लांब, झाडांमागे दडलेला, आणि वेग दुपारी १९, रात्री ११.

आधी वाटलं, चाचणीच चुकली. पुन्हा समोर नेऊन पाहिलं, पुन्हा मागे आणलं. आकडे हलले नाहीत.

कारण त्या एसआयएनआरमध्ये होतं. एलटीईत शेजारशेजारचे टॉवर बहुधा एकाच लहरीपट्ट्यावर बोलतात. समोरच्या खिडकीतून जवळचा टॉवर दिसत होता हे खरं, पण त्याच बाजूला आणखी दोन टॉवरांचे विभागही होते आणि तिघेही एकाच पट्ट्यावर एकाच वेळी बोलत होते. भर मंडपात शेजारचा माणूस जोरात बोलतो, पण आजूबाजूचेही तितक्याच जोरात बोलत असतात, तेव्हा ऐकू येत नाही ही तक्रार आवाज कमी असल्याची नसते. मागच्या खोलीत मात्र घराच्या काँक्रीटच्या भिंती समोरच्या सगळ्या टॉवरांना पाठीशी अडवत होत्या. ज्या भिंतींना मी दोन दिवस शिव्या देत होतो त्यांनीच तिथे ढालीचं काम केलं होतं आणि लांबचा एकटा टॉवर शांतपणे ऐकू येत होता.

हिशोबही याला धरून आहे. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार एखाद्या पट्ट्यातून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते ते पट्ट्याच्या रुंदीवर आणि सिग्नल-गोंगाटाच्या गुणोत्तरावर ठरतं. ३ डेसिबलला दर हर्ट्झमागे साधारण १.५८ बिट मिळतात, ९ डेसिबलला ३.१६, म्हणजे थेट दुप्पट. १४ डेसिबलला ४.७. सूत्रात गुणोत्तर आहे, नुसता जोर नाही. ताईच्या घरी वेग दुपटीहूनही जास्त वाढला, तो मागच्या टॉवरवर गर्दी कमी असावी म्हणून.

राउटर हलवला, मग वायफाय रुसलं

तर राउटर मागच्या खोलीत गेला. पहिल्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दुपारी तीनच्या सुमाराला नेट दोनदा गेलं. हात लावून पाहिला तर राउटर इस्त्रीसारखा तापलेला, खिडकी पश्चिमेची. तापला की राउटर आधी मंदावतो आणि मग स्वतःच बंद होतो. त्याला दोन फूट आत, सावलीतल्या फळीवर उभा केला. सिग्नल दोन डेसिबल उतरला, तो सोडून दिला.

आता खरोखरच दुसरा टप्पा दुखायला लागला. मागच्या वरच्या खोलीतून समोरच्या तळमजल्यावर वायफाय पोहोचेना. एक्स्टेंडरची गरज आता तरी पडेल असं ताईला वाटलं. पण एक्स्टेंडर वायफायने घेतो आणि वायफायनेच देतो, त्यातल्या साध्या नमुन्यांत दोन्ही कामं एकाच लहरीवर चालतात आणि वेग अर्ध्यावर येतो. त्यापेक्षा नेटवर्क केबल बरी. १८ मीटरची एक केबल जिन्याच्या कडेने खाली नेली आणि तिच्या टोकाला घरात पडून असलेला जुना राउटर लावला. त्यातलं पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलं, त्याला मुख्य राउटरच्या पत्त्यांच्या रांगेतला एक वेगळा पत्ता दिला आणि केबल त्याच्या लॅन छिद्रात खोचली, बाहेरून नेट घेणाऱ्या वॅन छिद्रात नाही. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच. २.४ गिगाहर्ट्झवर वरच्याला वाहिनी १ आणि खालच्याला ११ दिली, म्हणजे दोघे एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. अशी केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, त्यामुळे अठरा मीटरची काळजी नव्हती.

फक्त जागा बदलून आणि एक केबल ओढून रात्रीचा वेग १.८वरून ११वर आला होता. इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण गच्चीवरचे ते १४ माझ्या डोक्यातून जात नव्हते.

अँटेना आणि माझी फजिती

राउटरच्या मागे बाहेरची अँटेना लावायला दोन छिद्रं होती. दोन असतात याला कारण आहे: एलटीईत टॉवर एकाच वेळी दोन वेगळे प्रवाह पाठवतो आणि राउटर ते दोन अँटेनांनी वेगळे करतो. एकच अँटेना लावली तर सिग्नल वाढलेला दिसतो, पण दुसरा प्रवाह हातातून जातो. म्हणून एकाच चौकटीत एकमेकींना काटकोनात बसवलेल्या दोन अँटेनांचा चपटा पॅनल मागवला. त्यावर लिहिलेल्या वाढीच्या आकड्यावर मी फारसा विश्वास ठेवला नाही. अशा खोक्यांवरचे आकडे उत्साहाने छापलेले असतात. धरून चाललो आठ डेसिबल.

सोबत दहा मीटरच्या बारीक केबल होत्या. इथे थोडं गणित केलं म्हणून वाचलो. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर पाच मिलिमीटर जाडीची केबल मीटरमागे अर्धा ते जवळजवळ एक डेसिबल खाते, जशी तिची प्रत असेल तसं. दहा मीटर म्हणजे पाच ते जवळजवळ दहा डेसिबल. अँटेनाने कमावलेले आठ केबलने वाटेतच खाल्ले असते. पॅनल मागच्या खोलीच्या अगदी बाहेर लावायचा ठरवला आणि तीन मीटरच्या केबल घेतल्या. घर मोठं असेल आणि अँटेना लांबच लावावी लागणार असेल, तर राउटरच बाहेर बसवलेले पेटीबंद नमुने मिळतात. त्यांच्यातून घरात नेटवर्क केबल येते आणि तिच्यात सिग्नलची अशी गळती होत नाही.

जोडणी केली. सगळे आटे व्यवस्थित बसले. राउटर चालू केला आणि आरएसआरपी उणे १०५वरून उणे ११८वर घसरला. अँटेना लावून रेंज घालवली! ताई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, पण मी समजायचं ते समजलो. तासभर अँटेना फिरवण्यात गेला. मग जोडणी उघडून भिंगातून पाहिली, तेव्हा चूक दिसली. राउटरच्या छिद्राच्या मध्यभागी खाच होती आणि केबलच्या टोकालाही मध्यभागी खाचच. पिन कुठेच नव्हती. फोर-जी राउटरांवर बहुधा एसएमए नावाची जोडणी असते आणि वायफायच्या उपकरणांवर तिचीच उलटी आवृत्ती. आटे दोघांचे सारखे, त्यामुळे एकमेकांत छान फिरतात, आणि मधल्या तारेची तारेशी गाठच पडत नाही. मी घेतलेल्या छोट्या केबल वायफायच्या होत्या. बरोबरच्या केबल येईपर्यंत दोन दिवस गेले. त्या चार दिवसांच्या मुक्कामाचे सहा दिवस झाले ते असे.

दुसऱ्यांदा जोडल्यावर आकडा वर आला. मग अँटेना रोखण्याचं काम. मागचा टॉवर नेमका कुठे आहे ते लोकांनी मिळून बनवलेल्या टॉवरांच्या नकाशांवर शोधलं. राउटरच्या पानावर सेल क्रमांक असतो, त्याला २५६ने भागलं की येणारा पूर्णांक टॉवरचा क्रमांक असतो; विभाग बदलला तरी तो बदलत नाही. होकायंत्राने दिशा धरली आणि पॅनल पंधरा-पंधरा अंशांनी फिरवत गेलो, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबून. भाचा खाली लॅपटॉपवर आकडे वाचत होता, मी वर पान्याने पकड सैल-घट्ट करत होतो.

सर्वांत मोठा आरएसआरपी टॉवरच्या नाकासमोर मिळाला, उणे ९१. सर्वांत चांगला एसआयएनआर मात्र तिथून वीसेक अंश बाजूला: १७, आणि तिथे आरएसआरपी उणे ९३. त्या तिरक्या रोखात समोरच्या टॉवरांपैकी एकाचं भिंतींना वळसा घालून येणारं प्रतिबिंब पॅनलच्या आंधळ्या बाजूला पडत असावं. मी बाजूची दिशा घेतली. दोन डेसिबलचा जोर गेला, गोंगाट त्याहून जास्त गेला.

उंचीच्या बाबतीतही तेच झालं. अँटेना जितकी उंच तितकी चांगली, हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की मी पॅनल दोन मीटरच्या नळीवर चढवून कठड्याच्या वर नेला. आरएसआरपी तीनने वाढला, एसआयएनआर १७वरून १२वर आला. वर गेल्यावर घराची ढाल संपली आणि समोरचे तिन्ही टॉवर पुन्हा कानात ओरडायला लागले. निमूटपणे खाली आणला, मागच्या भिंतीला, कठड्याच्या हातभर खाली. विजेच्या दृष्टीनेही घरातली सर्वांत उंच धातूची वस्तू आपली अँटेना नसलेली बरी. तरी केबलवर विजेचा झटका जमिनीत सोडणारा संरक्षक बसवून त्याची अर्थिंग केली, आणि भिंतीतून आत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळातून टपकतं, भोकातून आत येत नाही.

राउटरला एकाच पट्ट्यावर बांधून ठेवण्याचाही प्रयोग केला. त्याने वेग घटला, कारण हा राउटर दोन पट्टे एकत्र वापरत होता आणि बांधल्यावर दुसरा सुटला. एका रात्रीत बांधलेलं सोडलं.

शेजाऱ्यांनी बूस्टर सुचवला होता. त्याला मी नाही म्हटलं. एक तर सिग्नल पुन्हा प्रसारित करणारं यंत्र परवानगीशिवाय लावणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि चुकीचा लावला तर आसपासच्या सगळ्यांचं नेट बिघडतं. दुसरं असं की बूस्टर सिग्नल वाढवतो तसा त्याच पट्ट्यातला गोंगाटही वाढवतो. या घरात कमतरता जोराची नव्हतीच.

संध्याकाळचं रडणं

एवढं करूनही पहिल्या संध्याकाळी ताईचा कॉल तुटला. खाली येणारा वेग २०च्या घरात आणि तिचा आवाज पुन्हा तुटक. मी अपलोडकडे पाहायलाच विसरलो होतो. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो. उलट दिशेला राउटरसारखं साधं उपकरण जास्तीत जास्त २३ डीबीएमने, म्हणजे २०० मिलिवॅटने बोलू शकतं. म्हणून रेंज कमी असली की अपलोड आधी मरतं. ताईला समोरचे दिसायचे आणि समोरच्यांना ती ऐकू यायची नाही, याचा अर्थ हाच होता. तो मी पहिल्याच दिवशी लावायला हवा होता.

पण आता अपलोड ०.६वरून ९वर आलं होतं, मग तुटायचं कारण काय? राउटरच्या यादीत पाहिलं तर घरातले चारही फोन संध्याकाळी घरी येऊन वायफायला चिकटले की दिवसभराचे फोटो आणि चित्रफिती एकदम वर पाठवायला लागत होते. पिंगची, म्हणजे संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो त्याची, चाचणी लावून ठेवली: नेट मोकळं असताना ४५ मिलिसेकंद, फोटो चढत असताना ९००च्या पुढे. रांग राउटरमध्ये लागत होती आणि ताईचा आवाज त्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप चार्जिंगला लावल्यावर रात्री व्हावा असं ठरवून दिलं. दोन फोनांत तशी सोय नव्हती, तिथे संध्याकाळी बॅकअप हाताने थांबवायचा. कॉल त्या दिवसापासून तुटलेला नाही. एवढ्या खटाटोपातला सगळ्यात फुकटचा उपाय हाच, आणि तो सगळ्यात शेवटी सुचला.

कुठपर्यंत आलं

निघताना घेतलेले आकडे, तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर: सकाळी सातला ४८, दुपारी दोनला ४१, रात्री नऊला २२. अपलोड ९ ते १२. आरएसआरपी उणे ९३, एसआयएनआर १७.

रात्रीचे २२ अजून सलतात. पहाटे तीनला याच जागी ७० मिळाले, तेव्हाही आरएसआरपी आणि एसआयएनआर जवळपास रात्री नऊइतकेच होते. सिग्नलचे आकडे जागचे हलत नाहीत आणि वेग घड्याळाप्रमाणे बदलतो, तेव्हा ती टॉवरवरची गर्दी असते. तिच्यावर घरातून इलाज नाही. अँटेनावर आणखी पैसे घालण्याआधी हे एकदा पहाटे उठून तपासावं.

महिनाभराने ताईचा फोन आला: पहिला मोठा पाऊस झाला आणि नेट पुन्हा मंद. झाडांची पानं भिजली की सिग्नल थोडा पडतो हे माहीत होतं, पण ऊन पडून दोन दिवस झाले तरी आकडा उणे १०२वरच होता. पान भिजलं असतं तर एव्हाना सुकलं असतं. भाच्याला अँटेनाची जोडणी उघडायला सांगितली, तर आत पाणी. मी तिथे साधी चिकटपट्टी गुंडाळली होती. त्याने जोडणी पुसून कोरडी केली, ताणली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळली आणि आकडा उणे ९४, १६वर परत आला. तेव्हापासून तो तिथेच आहे.

वायफाय एक्स्टेंडर खोक्यात परत गेला आहे. मी तो कुणाला तरी देऊन टाकावा म्हणतो, ताई देत नाही. मी फोनवरून कशाचंही निदान करायला लागलो की दाखवायला बरा पडतो, असं तिचं म्हणणं.